परत पाठवायचं खोकं

१

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बारा बाटल्या होत्या. निळ्या झाकणांच्या, सील न उघडलेल्या, आत तळाशी पांढऱ्या पावडरीची टिकली. मधल्या कप्प्यात पावडरीत मिसळायच्या पाण्याच्या कुप्यांचं एक पाकीट आणि तापमापक. पारा चार अंशांवर. खालच्या कप्प्यात मागे ढकललेलं पुठ्ठ्याचं एक खोकं, त्यावर पांढरी टेप, आणि टेपवर डॉक्टरांच्या अक्षरात दोन शब्द : ‘परत पाठवणे’. फ्रिजशेजारच्या मांडणीवर सिरिंजांचा एक डबा, कापसाची गुंडाळी, आणि हातमोज्यांची दोन खोकी. लहान मापाच्या खोक्यावर धूळ बसलेली. मोठ्या मापाचं अर्ध्याहून जास्त रिकामं.

टेप सोडवून मी पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या बाटल्या मोजल्या. सात.

आदल्या दिवशी मी स्वतः ते खोकं बंद केलं तेव्हा दहा होत्या. पुढची रांग जशीच्या तशी भरलेली होती. मागच्या रांगेतल्या तीन गेल्या होत्या आणि टेप पुन्हा नीट, कोपरे दाबून चिकटवलेली होती.

त्या बाटल्यांवर ग्रोथ हार्मोनचं लेबल होतं. हे संप्रेरक लहान मुलांची उंची वाढवतं. मोठी माणसं ते दोन कारणांसाठी टोचून घेतात : काहींना दंड फुगवायचे असतात, काहींना वय थांबवायचं असतं. आमच्या इमारतीत दोन्ही सोयी होत्या. तळमजल्यावर व्यायामशाळा, पहिल्या मजल्यावर डॉक्टरांचं दीर्घायुष्य क्लिनिक, आणि दुसऱ्या मजल्यावर रक्त तपासायची प्रयोगशाळा. तिथे मी काम करते.

गेल्या आठवड्यात क्लिनिकमध्ये येणारे एक निवृत्त आजोबा इंजेक्शन घेऊन झोपले आणि सुनेला घामाने निथळत सापडले. शुद्ध नव्हती. रक्तातली साखर चौतीस. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी त्यांची उरलेली बाटली गुपचूप माझ्याकडे पाठवली. मी ती यंत्राला लावली. ग्रोथ हार्मोन शून्य. इन्सुलिन इतकं, की शंभर पट पातळ केल्याशिवाय यंत्र आकडाच देईना. त्याच मालातली दुसरी बाटली तपासली. तीही तशीच. आज तिसरी न्यायला आले होते.

म्हणजे त्या तीन बाटल्या जो घेऊन गेला होता, त्याला चोरी पचणार नव्हती. ग्रोथ हार्मोन समजून तो सुई टोचणार, साखर खाली खाली जाणार, आणि मग तो पकडला जाण्याच्या पलीकडे गेलेला असणार.

२

“कुणाला सांगितलंस?” हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न.

“अजून कुणालाच नाही. पण सर, सगळ्यांना सांगायला हवं. आत्ताच्या आत्ता.”

“काय सांगायचं? आमच्याकडे बनावट औषध आलं म्हणून? संध्याकाळच्या आत दाराला कुलूप लागेल.” त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. “मी सिस्टरला आणि रिसेप्शनवरच्या मैनाला सांगितलंय की त्या बाटल्यांची मुदत संपलीय. तेवढंच पुरे.”

“कुणीतरी मरेल, सर.”

“चोर मरेल,” ते म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. मग नजर चुकवून म्हणाले, “आणि तो कोण, हे शोधायला लांब जायला नको. काल लाइट गेली तेव्हा फ्रिजचा इन्व्हर्टर चालू करायला कोण वर आलं होतं? एकटं?”

मला माहीत होतं. व्यायामशाळेत शिकवणारा, पुढच्या आठवड्यात स्पर्धेच्या मंचावर उभा राहणारा, क्लिनिकमधलं काहीही बिघडलं की वर बोलावला जाणारा माणूस एकच होता. सकाळी एकाच दारातून आम्ही दोघं घराबाहेर पडलो होतो.

माझा दादा.

खोलीतून बाहेर पडले तर जिन्यात सिस्टर भेटल्या. पर्स खांद्याला, घरी निघालेल्या. त्या रात्री एका मोठ्या इस्पितळात ड्यूटी करतात, सकाळी थोडा वेळ क्लिनिकमध्ये इंजेक्शनं देतात, आणि मग घरी जाऊन झोपतात. वय पन्नाशीच्या पुढचं. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात लग्नाची अंगठी लटकत होती.

“काय गं, तोंड का असं पडलंय? भूत बघितलंस की लग्नाचं स्थळ?”

“सिस्टर, खालच्या खोक्यातल्या बाटल्या कमी आहेत.”

“त्या कुणी मोजल्या?” त्यांना हसू आलं. “वरच्या मोजता मोजता माझे डोळे शिणतात, रोज येताना आणि जाताना. त्या खालच्या कोण मोजतं! त्या टाकाऊ.”

“कुणी नेल्या असतील?”

“उंदराने. त्यालाही वाटलं असेल, जरा जास्त जगावं.” त्यांनी माझ्या गालाला हात लावला. तळवा जड होता आणि थोडा सुजलेला. “मी निघते. पाठ टेकली की मेल्यासारखी झोपणार आहे. राजा उपाशी बसला असेल. मी गेल्याशिवाय घास घेत नाही तो.”

राजा म्हणजे त्यांचा मुलगा. तिशीतला, पण मनाने पाच वर्षांचा.

माझ्या ओठांवर आलं होतं : सिस्टर, त्या बाटल्यांत ग्रोथ हार्मोन नाहीच. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ‘कुणी नेल्या’ हा असता, आणि त्याचं उत्तर माझ्या घरातलं होतं. मी गप्प बसले. त्या एकेक पायरी उतरत गेल्या.

३

व्यायामशाळेत लोखंड आपटण्याचे आवाज येत होते. दादा आरशासमोर बसून हात झटकत होता, पाणी उडवावं तसे.

“दादा, इकडे ये. बाजूला.”

“स्पर्धेपर्यंत मला हसवायचं नाही, रडवायचं नाही आणि भाकरी दाखवायची नाही,” तो म्हणाला. तीन आठवडे तो उकडलेल्या अंड्यांच्या पांढऱ्यावर जगत होता आणि घरात सगळ्यांवर खेकसत होता. फक्त बाबा त्याच्यावर खूश होते, कारण त्याचे नवेकोरे बूट त्यांना मिळाले होते. ‘बापाच्या चपला पोराला यायला लागल्या की पोरगा मोठा झाला म्हणतात,’ बाबा सगळ्यांना सांगत, ‘आमच्याकडे उलटी गंगा. बापच पोराचे बूट घालून मोठा झालाय.’

“काल वर गेला होतास?”

“गेलो होतो. सिस्टरचा फोन आला, लाइट गेलीय, औषधं खराब होतील. बटण दाबलं आणि खाली आलो. का? सत्कार करतायत?”

“तिथून काही उचललंस?”

त्याचे झटकणारे हात थांबले. “काय म्हणालीस?”

“उचललं असशील तर मी रागावणार नाही. कुणाला सांगणारही नाही. पण घेऊ नकोस. त्या बाटल्यांत ग्रोथ हार्मोन नाहीये, इन्सुलिन आहे. तू आधीच उपाशी आहेस. टोचलंस तर अर्ध्या तासात पडशील, दादा. कुणी बघायच्या आत.”

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणापासून खोटं बोलताना तो कानाची पाळी चोळतो. मी त्याच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवरच होते.

“आईची शपथ,” तो हळू म्हणाला. “मी तिथून कापसाचा बोळासुद्धा उचललेला नाही. मी चोर वाटलो तुला?”

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर मला रडूच आलं. मी म्हणाले, “हात का झटकत होतास?”

“मुंग्या येतात. बार फार घट्ट धरला की.”

दादाने घेतलं नव्हतं. पण तीन बाटल्या अजून कुणाच्या तरी हातात होत्या, आणि त्या हाताचा मालक मला माहीत नव्हता.

४

व्यायामशाळेचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, खुर्चीत बसून सफरचंद कापत होते.

“या, शास्त्रज्ञ! आज कुणाचं रक्त प्यायचंय?”

मी दादाला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. डॉक्टरांची मनाई आता माझ्या लेखी संपली होती. सुरी सफरचंदात थांबली.

“इथल्या कुणी घेतलं असेल, मास्तर?”

“नाही.”

“एवढ्या खात्रीने?”

“माझ्या पोरांवर चोरी करायची वेळ मी येऊ देत नाही,” ते म्हणाले. मला वाटलं ते पोरांच्या संस्कारांबद्दल बोलतायत. “आणि तुला सांगतो, वेळ बघ. व्यायाम करणारा असली सुई सकाळी घेतो, व्यायामाच्या आगेमागे. ज्याने नेलं तो इथला असता तर एव्हाना या जमिनीवर आडवा असता. बघ, सगळे उभे आहेत.”

ते खरं होतं. आरशांच्या रांगेत सगळे उभे होते.

“वरचे म्हातारे झोपताना घेतात,” मास्तर पुढे म्हणाले. “रिकाम्या पोटी, दिवा मालवून, देवाचं नाव घेतल्यासारखं. आम्हाला आरशात दिसायचं असतं, त्यांना यमाला दिसायचं नसतं. औषध एकच. आता तू शिकलेली आहेस, सांग, लवकर कोण मरतं?”

“तुमची पोरं भरमसाट घेतात. त्यांचं हृदय सुजतं, साखर बिघडते. म्हातारे थेंब थेंब घेतात, पण वर्षानुवर्षं. अंगात कुठे बारीकशी गाठ असेल तर तिलाही खत मिळतं.”

“म्हणजे दोघंही.” त्यांनी सफरचंदाची फोड पुढे केली. “खा. भीतीने साखर उतरलीय तुझी.”

मी फोड घेतली नाही. मास्तरांचं एक वाक्य मनात घोळत होतं : झोपताना, रिकाम्या पोटी. जागा माणूस थरथरतो, घामाघूम होतो, काहीतरी गोड तोंडात टाकतो. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही. दिवस अजून वर यायचा होता. रात्रीपर्यंत वेळ होता, असं मी स्वतःला सांगितलं.

५

रिसेप्शनवरच्या मुलीला मैना म्हणायचे, कारण तोंडाला विश्रांती नसे. फ्रिजची एक किल्ली तिच्याकडे होती. मी खालच्या खोक्यातल्या बाटल्यांबद्दल विचारलं तशी तिने पर्स पोटाशी धरली, आणि पर्सच्या तोंडातून एका छोट्या बाटलीचं झाकण डोकावलं. निळं.

“मैना, ती बाटली दे.”

“कुठली?”

“घे म्हणतेय ना मी, दे!” मी इतक्या जोरात ओरडले की वाक्यही धड आलं नाही. मी पर्स ओढली. बाटली जमिनीवर पडली, फुटली, आणि खोलीभर गुलाबाचा वास पसरला.

“चेहऱ्याला लावायचं तेल होतं ते,” मैना रडकुंडीला येऊन म्हणाली. “डाग जातात म्हणे. सुई बघितली तरी मी खाली बसते, ताई. मी कशाला चोरेन? आणि चोरायचंच असतं तर मुदत संपलेलं का चोरेन, चांगलं समोर असताना?”

मी काचा वेचायला वाकले होते, तशीच थांबले.

चांगलं समोर असताना.

वरच्या कप्प्यात, डोळ्यांसमोर, बारा चांगल्या बाटल्या होत्या. दादासारखा बाहेरून आलेला, घाईतला माणूस त्यातल्याच उचलता. खालचं खोकं पुढे ओढायचं, टेप सोडवायची, मागची रांग उपसायची आणि टेप पुन्हा कोपरे दाबून लावायची, हे फक्त त्यानेच करावं ज्याला पक्कं माहीत आहे की वरच्या रोज मोजल्या जातात आणि खालच्या कुणी मोजत नाही.

‘त्या खालच्या कोण मोजतं!’

समोरच फ्रिजशेजारच्या मांडणीवर हातमोज्यांची खोकी होती. मी विचारलं, “मैना, हे मोठ्या मापाचे हातमोजे कुणाचे?”

“सिस्टरचे. डॉक्टर कुठे सुईला हात लावतात! आधी लहान मागवायचो, मग त्या म्हणाल्या फाटतात. पुरवठा करणारा मला विचारत होता, तुमच्याकडे पैलवान नर्स आलीय का म्हणून.” ती नाक पुसत हसली. “वय झालं की अंग सुटतंच ना.”

अंग सुटतं. पण सिस्टर वाळलेल्या होत्या, मनगटं काटकुळी. वाढले होते ते फक्त तळवे आणि बोटं. म्हणून अंगठी बोटातून गळ्यातल्या दोऱ्यात गेली होती. मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, कारण लांब हाडांची टोकं बंद झालेली असतात. पण ग्रोथ हार्मोन महिनोन्महिने टोचलं तर हाडं जाड होतात, मांस सुजतं. हाताचं माप बदलतं. पायाचंही.

पायाचंही. हे शब्द मनात उमटले आणि त्यांच्यामागून आणखी काहीतरी येऊ लागलं. मी ते तिथेच अडवलं. त्याला आत्ता वेळ नव्हता.

सिस्टर चोर होत्या, आणि त्या ते झोपताना घेत असणार. रिकाम्या पोटी.

रात्रपाळी करणाऱ्या बाईची रात्र दुपारीच होते.

“फोन लाव त्यांना!”

मैनाने लावला. घंटा वाजत राहिली. “झोपताना आवाज बंद करून ठेवतात,” ती म्हणाली. “राजाची झोपमोड होते म्हणून.”

६

डॉक्टरांना मी म्हणाले, “ग्लुकोजची इंजेक्शनं घ्या आणि चला. तुमच्या चोराचं नाव कळलंय.” सिस्टरचं नाव ऐकल्यावर त्यांनी उठून औषधांचं कपाट उघडलं. खाली दादा उभा होता. तोही गाडीत बसला. “कुणाला उचलायची वेळ आली तर?” तो म्हणाला.

सिस्टरचं घर चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. दार आतून बंद. मी थापा मारल्या. आतून कुजबुज आली.

“शूः. आई झोपलीय.”

“राजा, मी आहे, क्लिनिकमधली ताई. दार उघड.”

“आई झोपली की दार उघडायचं नाही. आईने सांगितलंय.”

“बरोबर आहे. मग आईला उठव. तिला सांग, ताई आलीय.”

पावलं लांब गेली. आम्ही तिघं दाराला कान लावून उभे होतो. आत कुठेतरी पंखा घरघरत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक आवाज होता, ओढून घेतलेल्या घोरण्याचा. पावलं परत आली.

“उठत नाही. दोनदा हलवलं. घाम आलाय तिला, म्हणून मी पंखा लावला.” मग अभिमानाने, “चादर पण घातली.”

दादाने मला बाजूला केलं आणि दाराला तोंड लावून, मी त्याच्याकडून कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात विचारलं, “राजा, तू शूर आहेस ना? मग मागे हो बघू. अजून मागे. भिंतीला टेकलास? शाब्बास.”

दुसऱ्या धक्क्याला कडी तुटली.

सिस्टर पाठीवर झोपल्या होत्या. चादर हनुवटीपर्यंत नीट ओढलेली, आणि ती अंगाला चिकटलेली, जणू कुणी पाण्यात बुडवून पांघरली होती. डोळे अर्धे उघडे, काही न बघणारे. उशाशी स्वच्छ ताटलीत एक उघडलेली बाटली, एक सिरिंज आणि कापसाचा बोळा, सगळं ओळीत. मी त्यांच्या बोटाला सुई टोचली. बोट जाड, घट्ट. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला.

सव्वीस.

डॉक्टरांना पहिल्यांदा शीर सापडली नाही. दुसऱ्यांदाही नाही. “मला जमत नाहीये,” ते पुटपुटले. “माझ्याच...”

“सर, त्यांची शीर चांगली आहे. सावकाश.”

तिसऱ्यांदा सापडली. ग्लुकोज आत जाऊ लागलं. राजा भिंतीला टेकून एकटक बघत होता. “आईला का टोचता? ती लोकांना टोचते,” तो म्हणाला. मी पुन्हा मोजलं. एकाहत्तर. सिस्टरची पापणी हलली. ओठ हलले.

“राजा... जेवला का?”

मग त्यांची नजर आमच्यावरून ताटलीतल्या बाटलीवर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी डोळे मिटले, पण या वेळी स्वतःहून.

मी घरातला फ्रिज उघडला. स्टीलच्या पेल्यात उरलेल्या दोन बाटल्या होत्या, सील न तुटलेल्या. तिन्ही मिळाल्या होत्या. मी सुटकेने मागे वळले तेव्हा सिस्टर पुन्हा घामाघूम होत होत्या. आकडा परत खाली निघाला होता : अठ्ठेचाळीस.

“हे इन्सुलिन लवकर संपणार नाही,” मी म्हणाले. “इस्पितळ. आत्ता.”

दादाने त्यांना चादरीसकट उचललं आणि चार मजले उतरला. राजा त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागे होता. खाली गाडीत त्यांना ठेवल्यावर दादाला हात सोडवता येईनात. बोटं चादरीवर वळलेली तशीच राहिली. त्याने एकेक बोट दुसऱ्या हाताने सरळ केलं. मी बघत होते हे त्याने बघितलं, आणि कानाची पाळी चोळली.

७

इस्पितळात रात्रभर सलाइन चालू ठेवायचं ठरलं. संध्याकाळी आकडा स्थिर झाला. राजा खाटेच्या कडेला बसून आईला भाताचे घास भरवत होता, प्रत्येक घासाला ‘आ कर’ म्हणत.

“एका बाटलीतून दोन-तीन पेशंटना द्यायचे,” सिस्टर छताकडे बघत म्हणाल्या. “तळाशी थोडं उरायचं. ते बेसिनमध्ये ओतायचं. मी ओतायच्या ऐवजी घेतलं. कुणाच्या तोंडचं काढलं नाही. आता पेशंट पूर्ण बाटली घरी नेतात, तळाशी काही उरत नाही. मग ते खोकं दिसलं. मुदत संपलेलं. म्हटलं, असंही फेकणार.”

“हातांना त्रास व्हायचा ना, सिस्टर?”

“मुंग्या यायच्या. सुजायचे.” त्यांनी स्वतःचा तळवा डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. “मला कळत नव्हतं असं नाही गं. पण क्लिनिकमध्ये येणारे सगळे शंभर वर्षं मागतात. मी तेवढं मागत नव्हते. माझ्या राजापेक्षा एक दिवस जास्त, बस्स.”

राजाने पुढचा घास उचलला. “आ कर.”

घास गिळून त्यांनी डॉक्टरांकडे मान वळवली. “तुम्ही मला खरं सांगितलं असतं तर मी त्या खोक्याला हात लावला असता का?”

डॉक्टर उभे होते ते बाहेर गेले. दारातून त्यांचा आवाज आत आला. ते फोनवर औषध खात्यातल्या कुणाला तरी स्वतःचं नाव, क्लिनिकचा पत्ता आणि मग बाटल्यांवरचा मालाचा क्रमांक सांगत होते, एकेक अंक सुटा करून. शेवटी म्हणाले, “हो. बनावट. हो, मला आठवडाभर माहीत होतं.”

दादा कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून हात झटकत होता.

“तुझे बूट बाबांना का दिलेस?” मी विचारलं.

“चावत होते.”

“नवे होते, दादा. किती नंबर?”

“नऊ.”

“आणि आता पायात?”

बाहेर एक गाडी मागे घेताना टीट टीट वाजत होती. “साडेदहा,” तो म्हणाला.

“तू शपथ घेतलीस.”

“तू विचारलंस चोरलं का. मी चोरलं नाही.” त्याने नजर उचलली. त्याचा जबडा मी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी बघत होते. खालच्या दातांत पूर्वी नसलेल्या फटी होत्या. “मास्तर आणून देतात. आज सकाळचं घ्यायचं राहिलं होतं. तू येऊन बोललीस आणि मग मी घेतलं नाही. त्याच्या खोक्यावर नाव तेच आहे गं, ग्रोथ हार्मोन. माल कुठला आहे, मला काय माहीत.”

मी त्याला हाताला धरून उठवलं.

“चल,” मी म्हणाले.

प्रयोगशाळेत मी दिवे लावले, यंत्र सुरू केलं. त्याने न सांगता बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. त्या दंडाभोवती पट्टा पुरेना. मला दोन पट्टे एकमेकांना बांधावे लागले.

“दुखेल का?” माझ्या दादाने विचारलं.

“थोडं.”

नळीत रक्त भरलं. ग्रोथ हार्मोन स्वतः रक्तात फार वेळ टिकत नाही, म्हणून त्याच्यामुळे यकृतात तयार होणारं आयजीएफ-वन मोजतात. नमुना फिरवून घेतला, यंत्रात ठेवला. दादा स्टुलावर बसून होता, मी उभी होते. कागद बाहेर आला.

आयजीएफ-वन : ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.
सव्वीस वर्षांच्या पुरुषासाठी सामान्य मर्यादा : ११६ ते ३४१.